ग्रीन बेमधून फार्व कसा गेला

६ ऑगस्ट २००८च्या रात्री उशिरा ग्रीन बे पॅकर्सनं ब्रेट फार्वला न्यूयॉर्क जेट्सच्या हवाली केलं. सोळा हंगाम या माणसानं पॅकर्सचा खेळ चालवला होता. बोट मोडलं, गुडघा दुखावला, वडील गेले, तरी सलग २५३ साखळी सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात उभा राहिला. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या बदल्यात पॅकर्सना मिळाली पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली एक निवड, आणि तीही अटींवर. कमीत कमी चौथ्या फेरीतली. फार्व जेट्सच्या निम्म्या डावांत खेळला तर तिसऱ्या फेरीतली. सत्तर टक्के खेळला आणि जेट्स प्लेऑफला पोचले तर दुसऱ्या फेरीतली. ऐंशी टक्के खेळला आणि जेट्स सुपर बोलपर्यंत गेले, तरच पहिल्या फेरीतली.

त्याच करारात आणखी एक कलम होतं. जेट्सनी फार्वला पुढे मिनेसोटा व्हायकिंग्जना दिलं, तर त्यांनी पॅकर्सना पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजायच्या.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. दरवर्षी एप्रिलमध्ये सगळे संघ क्रमानं कॉलेजचे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. पहिल्या फेरीतली निवड म्हणजे सोनं, चौथ्या फेरीतली म्हणजे सुटे पैसे. खेळाडूंचे सौदे याच चलनात होतात. आता ते कलम पुन्हा वाचा. फार्व देऊन टाकायला पॅकर्सना चौथ्या फेरीची निवडही चालणार होती. तो शेजारच्या मिनेसोटात जाऊ नये यासाठी मात्र त्यांनी पहिल्या फेरीच्या तीन निवडींचं कुंपण घातलं. असल्या सौद्यांच्या अटी मला सामन्याच्या गुणफलकापेक्षा जास्त बोलक्या वाटतात. त्या टेबलावर बसलेला प्रत्येक जण कशाला भीत होता, ते त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं.

फार्व ग्रीन बेमध्ये आला तोही सौद्यातूनच. १९९१मध्ये रॉन वुल्फ जेट्सच्या खेळाडू-निवड विभागात होते आणि सदर्न मिसिसिपी विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक त्यांच्या डोक्यात बसला होता. आदल्या वर्षी मोटार अपघातात त्याचं तीस इंच आतडं कापून काढावं लागलं होतं, आणि काही आठवड्यांतच त्यानं मैदानात उतरून अलाबामाला हरवलं होतं. ड्राफ्टमध्ये जेट्सचा क्रमांक ३४वा होता. ३३व्या क्रमांकावर अटलांटा फाल्कन्सनी फार्वला उचललं. वुल्फ एका क्रमांकानं हुकले.

अटलांटात तो वर्षभर बाकावरच होता. चार पास टाकले. त्यातला एकही आपल्या माणसाच्या हातात गेला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. प्रशिक्षक जेरी ग्लॅनव्हिल यांना तो डोळ्यांसमोर नको होता. वर्ष सरता सरता वुल्फ पॅकर्सचे जनरल मॅनेजर झाले आणि पहिल्याच दिवसांत संघाबरोबर अटलांटाला गेले. तिथला किस्सा पॅकर्सचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब हार्लन यांनी पुढे अनेकदा सांगितला. पत्रकार कक्षात बॅग ठेवून वुल्फ म्हणाले, अटलांटाचा राखीव क्वार्टरबॅक बघून येतो. थोड्या वेळानं परत आले आणि म्हणाले, आपण फार्वला घेतोय, तुमची हरकत नाही ना? ज्या खेळाडूचं नाव हार्लनना धड ठाऊकही नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली. फेब्रुवारी १९९२मध्ये पॅकर्सनी आपली पहिल्या फेरीची निवड देऊन त्याला आणलं. मग वैद्यकीय तपासणी झाली. खुब्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी पडत होता. बो जॅक्सनची कारकीर्द ज्यानं संपवली तेच दुखणं. डॉक्टरांचं मत होतं, नापास करा. वुल्फनी ते बाजूला ठेवलं.

त्यानंतरची सोळा वर्षं सांगत बसलो तर हा लेख वेगळाच होईल. जानेवारी १९९७मध्ये न्यू ऑर्लिन्सला पॅकर्सनी पेट्रियट्सना ३५-२१ हरवून सुपर बोल जिंकला, एवढं सांगतो. आणि डिसेंबर २००३ची ती सोमवारची रात्र. आदल्या दिवशी वडील आयर्विन गेले होते, आणि फार्वनं ओकलंडमध्ये ३९९ यार्ड आणि चार टचडाऊन टाकले. ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांच्यासाठी फार्व नुसता खेळाडू उरला नाही. पॅकर्सचं काम ज्यांच्या हाती होतं त्यांची पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

माझ्या मते तो सौदा २००८च्या ऑगस्टमध्ये झालाच नाही. तो एप्रिल २००५मध्ये ठरला. टेड थॉम्पसन यांचा जनरल मॅनेजर म्हणून तो पहिला ड्राफ्ट. थॉम्पसन टेक्सासचे, स्वतः दहा वर्षं ह्यूस्टन ऑयलर्सकडून खेळलेले, आणि बोलायला अत्यंत कंजूष. त्या दिवशी कॅलिफोर्नियाचा ॲरन रॉजर्स न्यूयॉर्कच्या सभागृहात कोट घालून बसला होता. पहिल्याच क्रमांकावर आपलं नाव पुकारलं जाईल अशी त्याची आशा होती. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी ॲलेक्स स्मिथला घेतलं. मग एकेक संघ त्याला ओलांडत गेला. चार तासांहून अधिक वेळ कॅमेरे त्याच्या चेहऱ्यावर रोखलेले होते. चोविसाव्या क्रमांकावर थॉम्पसननी त्याला घेतलं. त्या वेळी पॅकर्सच्या बचावफळीत भोकं पडली होती, आणि पस्तिशीतला असला तरी क्वार्टरबॅक धडधाकट होता. लोकांनी कपाळावर हात मारला. थॉम्पसननी कारण एवढंच दिलं की यादीत वर तोच खेळाडू उरला होता.

यातली एक गंमत पुढे कळते. रॉजर्सला सोडून स्मिथला घेणाऱ्या त्या फोर्टीनाइनर्स संघाच्या आक्रमणाचे समन्वयक होते माइक मॅकार्थी. पुढच्याच वर्षी तेच पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि रॉजर्स त्यांच्या पदरात आला.

रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला. फार्वचा दर वसंतात एकच खेळ चाले: निवृत्त व्हायचं की नाही. मार्च, एप्रिल, कधी त्याही पुढे. संघाची सगळी आखणी मिसिसिपीतल्या एका घराकडे डोळे लावून बसे. २००७च्या वसंतात त्याला रिसीव्हर रँडी मॉस हवा होता. थॉम्पसननी घेतला नाही. मॉस चौथ्या फेरीच्या एका निवडीत पेट्रियट्सकडे गेला आणि त्याच हंगामात २३ टचडाऊन पकडून त्यानं विक्रम केला. फार्वच्या मनातली अढी तिथली. ती त्यानं नंतर दूरचित्रवाणीवर उघड बोलून दाखवली.

२९ नोव्हेंबर २००७ला डॅलसमध्ये फार्वच्या कोपराला मार बसला आणि रॉजर्स मैदानात आला. पॅकर्स हरले, ३७-२७. पण पोरानं २६पैकी १८ पास जागेवर पोचवले आणि सामना पुन्हा रंगात आणला. बाहेरच्या जगानं त्या रात्री हार पाहिली. प्रशिक्षकांनी मात्र त्या रात्री आपला पुढचा क्वार्टरबॅक पाहिला असं मी समजतो.

जानेवारी २००८मध्ये लॅम्बो फील्डवर उणे अठरा अंश सेल्सियसच्या गारठ्यात जायंट्सविरुद्धचा सामना जादा वेळेत गेला. फार्वचा पास कोरी वेब्स्टरनं पकडला, लॉरेन्स टाइन्सनं ४७ यार्डांवरून गोल मारला, आणि पॅकर्सचा हंगाम सुपर बोलच्या उंबरठ्यावर संपला. ग्रीन बेच्या जर्सीतला फार्वचा तो शेवटचा पास.

मार्चच्या सुरुवातीला त्यानं निवृत्ती जाहीर केली. पत्रकार परिषदेत तो रडला आणि विस्कॉन्सिनमध्ये मोठाली माणसंही टीव्हीसमोर डोळे पुसत होती. पुढचा भाग त्या वेळी कोणालाच कळला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस फार्वनं मॅकार्थींना कळवलं की परत यावंसं वाटतंय. संघानं नकार दिला नव्हता. थॉम्पसन आणि मॅकार्थी मिसिसिपीला जाऊन सगळं पक्कं करणार होते. निघण्याआधीच फार्वचा निरोप आला: नको, राहू दे. हे सगळं जुलैमध्ये बाहेर आलं. मला वाटतं, थॉम्पसनांच्या मनातलं दार त्याच दिवशी बंद झालं. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये त्यांनी एक नाही, दोन तरुण क्वार्टरबॅक घेतले. रॉजर्स मुख्य आणि त्याच्या मागे दोघे, अशी मांडणी झाली.

मग जुलै आला. फार्वला पुन्हा खेळायचं होतं. त्याच्या प्रतिनिधीनं, बस कुक यांनी, पत्र पाठवून करारातून मोकळं करायची मागणी केली. थॉम्पसन नाही म्हणाले. मोकळं केलं असतं तर तो थेट मिनेसोटाला गेला असता. तिथला आक्रमणाचा समन्वयक डॅरेल बेव्हेल हा ग्रीन बेमध्ये फार्वचाच क्वार्टरबॅक प्रशिक्षक होता. पॅकर्सनी लीगकडे रीतसर तक्रार केली की व्हायकिंग्ज आमच्या खेळाडूशी परस्पर बोलतायत. आयुक्त रॉजर गुडेल यांनी चौकशी करून नियमभंग झाला नाही असं ठरवलं.

पॅकर्सना एक मालक नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. १९२३पासून हा संघ भागधारकांचा आहे. तेव्हा लाखाहून अधिक लोकांकडे त्याचे भाग होते, आणि त्यावर लाभांश एक पैशाचा नाही. लाखभर वस्तीच्या त्या शहरात किराणा दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर भेटणारा माणूस संघाचा मालक असतो. दुसऱ्या शहरात मालक पुढे होऊन शिव्या खातो. इथे त्या खायला थॉम्पसन होते. लॅम्बोच्या बाहेर फार्वला परत आणा अशा घोषणा दिल्या गेल्या, आणि ऐन त्याच वादळात, २४ जुलैला, भागधारकांची वार्षिक सभा आली.

अध्यक्ष मार्क मर्फी जानेवारीतच खुर्चीवर बसले होते. ३० जुलैला ते विमानानं मिसिसिपीला गेले. सोबत नेला होता एक प्रस्ताव: निवृत्तच राहायचं, आणि पुढची दहा वर्षं संघाच्या प्रचाराशी जोडून घ्यायचं. रक्कम सुमारे दोन कोटी डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं. मर्फींचा हेतू चांगला होता यावर माझा विश्वास आहे. पण अजून शंभर यार्डांचं मैदान ज्याला बोलावतंय त्याच्यापुढे न खेळण्याचा मोबदला ठेवला गेला, आणि बाहेर आल्यावर तो लाच वाटावा असाच दिसला. फार्वनं लीगकडे पुन्हा खेळण्याची परवानगी आधीच मागितली होती, आणि ती मिळाली.

३ ऑगस्टची संध्याकाळ. लॅम्बोवर ‘फॅमिली नाइट’ होती. दरवर्षीचा घरगुती सराव सामना, आईबाप पोरांना घेऊन येतात. रॉजर्स पहिल्यांदाच मुख्य क्वार्टरबॅक म्हणून उतरला आणि स्वतःच्याच मैदानात, स्वतःच्याच लोकांकडून त्याच्या कानावर हुर्यो आली. त्याच संध्याकाळी फार्वचं विमान ग्रीन बेच्या विमानतळावर उतरलं. कुंपणाशी लोक जमले होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात वाईट वाटतं ते त्या चोवीस वर्षांच्या मुलाचं. त्यानं काहीही केलेलं नव्हतं. तीन वर्षं तो निमूट बसला होता, आणि संघाला जे फार्वला तोंडावर सांगता येत नव्हतं त्याची किंमत तो भरत होता.

दुसऱ्या दिवशी मॅकार्थी आणि फार्व एका खोलीत बसले. जवळपास सहा तास. मॅकार्थी १९९९मध्ये ग्रीन बेतच फार्वचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक होते, तेव्हा परक्यांची ती बैठक नव्हती. फार्वच्या मनात उन्हाळाभरातलं सगळं साचलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. मॅकार्थींना खेळाबद्दल बोलायचं होतं. बाहेर आल्यावर मॅकार्थींनी पत्रकारांना सांगितलं की इथे खेळण्यासाठी जी मनःस्थिती लागते ती त्याच्याकडे नाही. संघ पुढे निघून गेलाय. प्रश्न फार्वच्या हातातल्या जोराचा राहिला नव्हता. फार्व मिसिसिपीला परतला. आता फक्त कुठे पाठवायचं एवढंच ठरायचं होतं.

दोन संघ उरले होते. टॅम्पा बे, कारण तिथले प्रशिक्षक जॉन ग्रुडेन नव्वदीच्या दशकात ग्रीन बेमध्ये होते आणि त्यांना फार्व मनापासून हवा होता. आणि जेट्स. पॅकर्सच्या बाजूनं विचार केला तर टॅम्पा आपल्याच कॉन्फरन्समध्ये. प्लेऑफमध्ये समोर येऊ शकणारा. जेट्स पलीकडच्या कॉन्फरन्समध्ये. तिथे तो सुपर बोलआधी समोर उभा राहणं शक्यच नव्हतं. जेट्सचे जनरल मॅनेजर माइक टॅननबॉम यांच्यापुढे वेगळंच काम होतं. हॅटिसबर्गजवळ जंगलजमिनीत हरणांची शिकार करणाऱ्या माणसाला न्यूयॉर्क नावाच्या शहरात यायला राजी करायचं होतं. न्यू जर्सीत गर्दीपासून दूर, मोकळं आणि हिरवं राहता येतं, हे त्यांनी त्याला पटवून दिलं. सौदा झाला. प्रशिक्षक एरिक मँजिनी यांच्या घरी त्याच दिवसांत मूल झालं आणि त्याचं मधलं नाव ब्रेट ठेवलं गेलं. सतरा वर्षांपूर्वी जेट्स ज्याला एका क्रमांकानं मुकले तो अखेर त्यांच्याकडे आला, अडतीस वर्षांचा होऊन.

फार्वला जागा करून देण्यासाठी जेट्सनी चॅड पेनिंग्टनला सोडलं. या सौद्यातला हा माणूस लोकांच्या ध्यानात राहत नाही आणि मला ते खटकतं. आठ वर्षं जेट्सबरोबर, खांद्याच्या दोन शस्त्रक्रिया, आणि एका रात्रीत बाहेर. तो मायामीला गेला. आदल्या वर्षी मायामीचा संघ सोळापैकी एकच सामना जिंकला होता.

सुरुवातीला फार्वनं जेट्सचे पैसे वसूल करून दिले. ॲरिझोनाविरुद्ध एका सामन्यात सहा टचडाऊन. पहिल्या अकरा सामन्यांनंतर जेट्स ८-३. मग उजव्या दंडाचा स्नायू फाटला आणि तो ते लपवून खेळत राहिला. संघानंही जखमींच्या यादीत ते नोंदवलं नाही. लीगनं पुढे त्याबद्दल जेट्सना ७५ हजार डॉलर आणि टॅननबॉम व मँजिनी यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर दंड केला. शेवटच्या पाचपैकी चार सामने जेट्स हरले. २८ डिसेंबरला अखेरचा सामना जेट्सच्या घरच्या मैदानात मायामीविरुद्ध होता. फार्वचे तीन पास पकडले गेले. २४-१७नं जिंकून मायामी गटात पहिली आली. मायामीचा क्वार्टरबॅक होता पेनिंग्टन.

फार्वच्या खात्यात त्या हंगामात २२ टचडाऊन आणि २२ इंटरसेप्शन. प्लेऑफ नाही. म्हणून पॅकर्सना मिळाली तिसऱ्या फेरीची निवड, २००९च्या ड्राफ्टमधला ८३वा क्रमांक. तिकडे ग्रीन बेमध्ये रॉजर्सच्या पहिल्या वर्षी संघ ६-१० आणि थॉम्पसनांच्या नावानं बोटं मोडणं चालूच. मग थॉम्पसननी, जे सहसा वर चढण्यासाठी निवडी खर्च करत नसत, ४१, ७३ आणि ८३ असे तीन क्रमांक पेट्रियट्सना देऊन २६वा क्रमांक घेतला आणि क्ले मॅथ्यूज या बचावपटूला उचललं. फेब्रुवारी २०११च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या सत्राची पहिलीच खेळी. पिट्सबर्गचा रशार्ड मेंडेनहॉल चेंडू घेऊन धावत होता. मॅथ्यूजनं त्याला धडक दिली, चेंडू निसटला, पॅकर्सनी उचलला. ३१-२५. सामनावीर ॲरन रॉजर्स. फार्वच्या सौद्यातली ती तिसऱ्या फेरीची निवड अशी वळसे घेत त्या धडकेपर्यंत पोचली होती.

तोवर कुंपण केव्हाच तुटलं होतं. फेब्रुवारी २००९मध्ये फार्वनं दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली. एप्रिलमध्ये जेट्सनी मार्क सँचेझ हा तरुण क्वार्टरबॅक घेतला आणि काही दिवसांत फार्वला करारातून मोकळं केलं. कलम होतं ते सौदा करून मिनेसोटाला देण्याबद्दल. मोकळा झालेला खेळाडू मिनेसोटाला गेला तर कोणी काही देणं लागत नव्हतं. १८ ऑगस्टला तो तिथे उतरला. प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस स्वतः गाडी घेऊन विमानतळावर गेले होते, आणि वर बातम्यांची हेलिकॉप्टरं. तो चाळिशीला आला होता आणि ३३ टचडाऊन, सात इंटरसेप्शन असा त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम हंगामांपैकी एक तो खेळला. पॅकर्सना दोन्ही सामन्यांत हरवलं. १ नोव्हेंबरला जांभळ्या जर्सीत तो लॅम्बोवर आला तेव्हा सोळा वर्षं ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच त्याची हुर्यो उडवली. थॉम्पसनांचं भय खोटं नव्हतं.

एवढं असूनही माझं मत आहे की थॉम्पसन बरोबर होते. खेळाडू संपलेला दिसल्यावर त्याला सोडणं कोणालाही जमतं. तो अजून चांगला खेळतोय आणि तरी आता नाही, असं म्हणायला जे लागतं ते फार थोड्यांकडे असतं. त्यांचं चुकलं ते बोलण्यात. मार्चमध्ये ठरलेलं मार्चमध्येच फार्वला समोर बसवून सांगितलं असतं, तर ना मर्फींना तो प्रस्ताव घेऊन जावं लागलं असतं, ना फॅमिली नाइटला रॉजर्सला ते ऐकावं लागलं असतं. थॉम्पसन २०२१च्या जानेवारीत गेले. फार्वची चार नंबरची जर्सी २०१५मध्ये लॅम्बोवर सन्मानानं निवृत्त झाली. नुसता तो सोहळा बघायला साठ हजारांवर माणूस आला होता.

आणि २०२३च्या एप्रिलमध्ये पॅकर्सनी ॲरन रॉजर्सला दिलं. न्यूयॉर्क जेट्सनाच. अध्यक्ष मर्फीच होते. जनरल मॅनेजर होते ब्रायन गुटेकुन्स्ट, जे २००८मध्ये याच संघात कॉलेजचे खेळाडू हेरणारे स्काउट होते आणि ज्यांनी तो सगळा उन्हाळा आतून पाहिला होता. बाकावर तीन वर्षं जॉर्डन लव्ह बसला होता. या वेळी फरक एवढा की जेट्सना रॉजर्सशी बोलायची परवानगी पॅकर्सनीच दिली आणि मर्फींनी तसं उघड सांगितलंही. व्हायकिंग्जना अडवणारं तसलं कुंपण कोणाच्या तोंडी आलं नाही. गाजली ती अट वयाची: एकोणचाळीस वर्षांचा रॉजर्स जेट्सच्या ६५ टक्के डावांत खेळला तर २०२४ची दुसऱ्या फेरीची निवड पहिल्या फेरीची होईल. ११ सप्टेंबर २०२३ला पहिल्याच सामन्यात, चौथ्याच डावाला, त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. पॅकर्सना दुसऱ्या फेरीची निवड मिळाली. तेरा दिवसांनी लॅम्बोवर हंगामातला घरचा पहिला सामना होता. जॉर्डन लव्ह शेवटच्या सत्रात ०-१७नं मागे होता आणि १८-१७नं जिंकला.